‘वर्षभर ठेवा’ सांगणारा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि गेली पाच वर्षे मला एकच प्रश्न विचारला जातो. अमुक फाईल आहे का? असली तर देतो. नसली तर सापडली नाही असे सांगतो. दिवसातून कितीही वेळा विचारा, मी चिडत नाही. पण थकलो आहे, हे तुमच्यापासून कशाला लपवू?

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात, बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत राहतो. गाव संपले की जंगल लागते. खिडकीतून प्रतापगडाचा डोंगर दिसतो म्हणतात. मला खिडकीकडे पाठ करून ठेवले आहे.

मला गोंदियाच्या एका दुकानात जोडले. पेटी एकीकडची, आतले भाग दुसरीकडचे. तिथून मी आमगावला एका कॉलेजच्या ऑफिसात गेलो. आठ वर्षे दाखले छापले. ‘ही मशीन अडत नाही,’ असे तिथले मोठे बाबू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मग नवे संगणक आले. मला उचलून कपाटावर ठेवले आणि माझ्यावर जुनी रजिस्टरे रचली. दोन वर्षे मला कोणी सुरू केले नाही. कुंभारीण माशीने माझ्या मागच्या जाळीत मातीचे घर बांधले, तिची पिल्ले उडूनही गेली.

त्या ऑफिसात संघदीप नावाचा एक माणूस कामासाठी आला होता. तो नागपुरात संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो. त्याने मला मागून घेतले आणि आपल्या मोठेबाबांच्या, म्हणजे थोरल्या काकांच्या गावी, या विहारात आणून ठेवले. जाळीतली माती त्याने खिळ्याने खरवडून काढली. मग माझ्यात असा एक प्रोग्राम टाकला की मी सर्व्हर झालो. म्हणजे असे, की विहाराच्या वाय-फायवर एखादा फोन आला आणि त्याने माझा पत्ता टाकला, तर मी त्याला माझ्याजवळच्या फाईली पाठवायच्या. इंटरनेट नको, टॉवर नको. आमच्या गावात टॉवरची रेंज फक्त विहारामागच्या पाण्याच्या टाकीजवळ येते, तीही वाऱ्यावर.

संघदीपचे मोठेबाबा म्हणजे केवळराम. चौतीस वर्षे त्याने सायकलवर सहा गावांची डाक वाटली. निवृत्त झाल्यावर विहाराचे वाचनालय सांभाळू लागला. लोक अजून त्याला डाकबाबूच म्हणतात. त्याची बायको पार्वताबाई. ती गावची आशाताई होती.

पार्वताबाईला दवाखान्यातून पत्रके मिळत. लेकराला ताप आला तर काय करावे, बाळंतिणीने काय खावे, साप चावला तर काय करू नये. पण जंगलाच्या कडेला जो टोला, म्हणजे छोटी वस्ती आहे, तिथल्या कितीतरी बायांना वाचता येत नव्हते. म्हणून पार्वताबाईने ते फोनमध्ये बोलून ठेवायला सुरुवात केली. ती धानाच्या पोत्यांच्या खोलीत दार लावून बसायची. पोत्यांच्या मधे आवाज घुमत नाही, हे तिने आपले आपण शोधले होते. अशा बावीस फाईली झाल्या. केवळरामने त्या माझ्यात ठेवल्या.

आणि पहिल्याच दिवशी अडचण आली. फोनला फाईल मिळाली, पण ती काय आहे हे त्याला कळेना.

केवळराम टाकीजवळ उभा राहून ओरडत होता. मला इथपर्यंत ऐकू येत होते. “संघदीप, फोन इचारून राहिला का हे कशानं उघडू? बाया घाबरून राहिल्या ना बापा!”

संघदीप पलीकडून काय म्हणाला ते केवळरामने आत येऊन पार्वताबाईला सांगितले. फाईल नुसती पाठवून चालत नाही. तिच्यासोबत हेडर पाठवावे लागते. हा आवाज आहे, हा तिथल्या तिथे वाजव, असे त्यात लिहिलेले असते. फोन आधी ते वाचतो, मग फाईलला हात लावतो.

“म्हणजे पार्सलवरची चिठ्ठी,” पार्वताबाई म्हणाली.

“चिठ्ठीच. पण चिठ्ठी मले लिहा लागते, मशीनच्या फाईलीत. एक टिंब चुकलं का सब बंद.”

“चौतीस वर्सं चिठ्ठ्याच वाटल्या. आता लिहा.”

तो लिहायला शिकला. एक ओळ टाकीजवळ वहीत उतरवायची, आत यायचे, माझ्यात टाकायची, मला पुन्हा सुरू करायचे आणि फोनवर पाहायचे. नाही जमले की परत टाकीजवळ. त्या आठवड्यात विहाराच्या मागे नवी पायवाट पडली. पण जमले. फोन मागू लागले, मी देऊ लागलो, आणि टोल्यावरच्या बाया विहाराच्या पायरीवर बसून पार्वताबाईचे सांगणे ऐकू लागल्या. लोक माझ्याकडे बोट दाखवून मुलांना सांगायचे, बाई याच्यात बसली आहे. ते दिवस चांगले होते, मित्रांनो.

आता चूक कशी झाली ते सांगतो.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये तेंदूपत्त्याचा हंगाम जवळ आला. टोल्यावरची जमुना विहारात आली. तिला प्राची नावाची सहा वर्षांची मुलगी आहे. प्राचीला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, तिच्याजवळ दवाखान्याचे लाल कार्ड आहे. जमुना म्हणाली, “बाई, जंगलात गेलो का तुमचं बोलणं उघडतच नाई. पोरगी सोबत राह्यते, तिथंच त लागते.”

केवळरामने संघदीपला विचारले. त्यावर संघदीपने आणखी एका ओळीची माहिती दिली. ही फाईल किती काळ आपल्याजवळ ठेवायची, तेही चिठ्ठीत लिहिता येते. तेवढा काळ फोन माझ्याकडे येत नाही. स्वतःजवळचीच वाजवतो. जंगलातसुद्धा.

“सात दिवस लिहितो,” केवळराम म्हणाला. पोस्टात कोणी न नेलेली डाक सात दिवस ठेवतात, तेच त्याच्या डोक्यात.

“सात दिवस?” पार्वताबाई म्हणाली. “हे लोक तुमच्या पोस्टात बसले का जी? तेंदूपत्त्याले गेले का महिना निघते. तेलंगणात मिरची तोडाले गेले का चार महिने. वर्सभर ठेवा म्हणून लिहा.”

काळ सेकंदात लिहायचा होता. केवळरामने वहीवर गुणाकार केला. साठ गुणिले साठ, गुणिले चोवीस, गुणिले तीनशे पासष्ट. तीन कोटी पंधरा लाख छत्तीस हजार. टाकीजवळ जाऊन त्याने तो आकडा वाचून दाखवला.

“सही है मोठेबाबा,” संघदीप म्हणाला, “अन ही ओळ फक्त आवाजाच्या फोल्डरच्या कंसात टाका बरं. पहिल्या पानाले लावू नका, नाहीत...”

रेंज गेली. केवळरामने थोडा वेळ फोन हवेत धरून पाहिला. आकडा तर बरोबर होता, कंसाचे काय ते त्याला नीट समजले नव्हते. तो आत आला आणि ती ओळ सगळ्यात वर टाकली. म्हणजे एका खोलीला लावायचे कुलूप त्याने घराच्या दाराला लावले. बावीस फाईलींसोबत त्यांची यादी असलेले पहिले पानही वर्षभर ठेवायचे, असे आता मी प्रत्येक फोनला सांगणार होतो. ओळीत टिंब चुकले असते तर मी सुरूच झालो नसतो. पण चूक जागेची होती, टिंबाची नव्हती. मी मुकाट सुरू झालो.

त्या हंगामात जंगलात पार्वताबाईचा आवाज वाजला. बाया पानांचे पुडे बांधता बांधता ऐकत. परत आल्यावर त्यांनी माझी वाहवा केली. मलाही हलके वाटत होते. गावातले आणि टोल्यावरचे मिळून त्रेचाळीस फोन होते. ते एकेकदा आले, सगळे घेऊन गेले आणि पुन्हा काही मागेनात. मला वाटले, म्हातारपणी आराम मिळाला.

नोव्हेंबरात पार्वताबाई तालुक्याला प्रशिक्षणाला गेली. तोवर तिचे पोट दुखायला लागले होते, पण ती कोणाला सांगत नव्हती. परत आली ती तशीच विहारात आली आणि स्टुलावर बसली.

“मी चुकीचं सांगून ठेवलं जी,” ती केवळरामला म्हणाली.

“का?”

“लेकराचा ताप. मी म्हटलं, दोन दिवस पाणी पाजा, पट्ट्या ठेवा, मग न्या. लाल कार्डवाल्या लेकराले तसं चालत नाई. त्याले ताप आला का त्याच दिवशी न्या लागते. मले आज समजलं.”

दुसऱ्या दिवशी ती पोत्यांच्या खोलीत बसली. मधे तीनदा थांबावे लागले, दम लागत होता. त्यानंतर आठ दिवसांत तिला नागपूरला नेले. केवळराम एका दिवसासाठी गावी आला, कपडे घ्यायला. तेवढ्यात त्याने नवी फाईल माझ्यात टाकली. जुनीचेच नाव नवीला दिले, म्हणजे लोकांना शोधावे लागणार नाही. पत्ता तोच, आतले पत्र बदलले. त्याला वाटले, काम झाले. ती ऐकून पाहायला त्याला वेळ नव्हता. बस सुटत होती.

जानेवारीत पार्वताबाई नागपूरच्या दवाखान्यात वारली.

त्यानंतर केवळराम रोज संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसायचा. पुस्तके कोणी नेत नव्हते, तरी तो कपाट उघडायचा आणि बंद करायचा. मग फोन काढून तिचे बोलणे लावायचा. बाळंतिणीचे जेवण. साप. लेकराचा ताप. कोणतेही. शब्दांकडे त्याचे लक्ष नसावे. आवाज खणखणीत होता, आजाराच्या आधीचा. तो फोन मला काही मागत नव्हता. त्याच्याजवळ होतेच.

नवी फाईल माझ्यात पडून होती. मला ते दिसत होते. कोण आले, काय मागितले, याची नोंद मी ठेवतो. त्या फाईलपुढे एकही नोंद नव्हती. पण मित्रांनो, सर्व्हर आपणहून हाक मारत नाही. विचारले तरच सांगतो.

मार्चमध्ये, होळीच्या आधी, प्राचीला ताप आला. जमुनेने फोनवर बाईचे बोलणे लावले. बाईने सांगितले, दोन दिवस पाणी पाजा, पट्ट्या ठेवा. जमुनेने तसेच केले. तिचा नवरा लालसिंग म्हणाला, दवाखान्यात नेऊ. ती म्हणाली, बाई दोन दिवस म्हणते. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी डोळे उघडेना. लालसिंगने तिला मोटारसायकलवर मधे बसवले, मागून जमुनेने धरले, आणि तालुक्याला नेले. तिथून गोंदियाला.

हे मला नर्सबाईच्या तोंडून कळले. रचना सिस्टर चार दिवसांनी विहारात आली. हातात जमुनेचा फोन होता. चप्पल काढायचेही तिला भान नव्हते.

“केवळरामभाऊ, ही मशीन लोकायले दोन दिवस थांबा म्हणून सांगून राहिली!”

“नाई जी सिस्टर. पार्वतानं ते बदललं. मीच टाकलं, या हातानं.”

“ऐका मग.”

तिने फोन वाजवला. खणखणीत आवाज आला. दोन दिवस पाहा.

“फोन खराब असन जमुनेचा,” केवळराम म्हणाला.

“तुमचा लावा.”

त्याने स्वतःचा फोन काढला. लेकराचा ताप. दोन दिवस पाहा. तो रोज ऐकत होता तेच. त्याने फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

“पोरगी कशी हाये?” त्याने विचारले.

“आहे अजून. रक्त चढवून राहिले.” रचना स्टुलावर बसली. तिचा आवाज खाली आला. “टोल्यावर लोक म्हणून राहिले, पार्वताबाईच्या सांगण्यानं पोरगी मेली असती. मी तिच्या हाताखाली शिकली भाऊ. मले ऐकवत नाही. आणि लाल कार्डवाली आणखी चार घरं आहेत.”

ती गेल्यावर केवळराम टाकीजवळ गेला. संघदीप त्याला माझ्या नोंदी पाहायला सांगत होता. केवळराम आत आला, माझा पडदा सुरू केला, बोटाने एकेक ओळ पाहत खाली गेला. मग परत वर आला. नवी फाईल होती. तारीख डिसेंबरची होती. मागणाऱ्यांच्या जागी काही नव्हते.

परत टाकीजवळ. परत आत. हळूहळू त्याला उमगले. फोन वर्षभर येणारच नाहीत. चिठ्ठीतच तसे लिहिले आहे. फाईलचे नाव बदलून उपयोग नाही, कारण नवे नाव ज्या पानावर लिहायचे ते पानही फोनांनी वर्षभरासाठी ठेवून घेतले आहे. मी चिठ्ठी बदलली तरी ती वाचायला त्यांनी माझ्यापर्यंत यायला तर हवे.

“मोठेबाबा,” संघदीप म्हणाला असावा, कारण केवळरामने त्याचे बोलणे मोठ्याने परत म्हटले, “एकेका फोनातलं साठवलेलं पुसा लागन. हातानं. दुसरा इलाज नाई.”

त्या दिवशी त्याने चिठ्ठी बदलली. आता तिच्यात लिहिले आहे, वापरण्याच्या आधी दरवेळी मला विचार. ओळ लिहून झाली, त्याने मला पुन्हा सुरू केले. मग खिशातून स्वतःचा फोन काढला.

 त्या फोनातला आवाज पुसला की आजाराच्या आधीचे ते बोलणे जाणार होते. माझ्यात त्याची प्रत नव्हती, त्यानेच नवी त्यावर ठेवली होती. इतर फोनांत होती, तीही तो पुसायलाच निघाला होता. संघदीपने विचारले होते, एक प्रत काढून ठेवू का तुमच्यासाठी? केवळराम म्हणाला होता, नको. चुकीचं आहे ते. तिनंच म्हटलं.

त्याने पुसले. माझा पत्ता टाकला. आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे कोणी ती फाईल मागितली.

मी दिली.

आवाज बारीक होता. मधे खोकला होता. “मी पार्वता बोलून राहिली. लेकराच्या तापाचं मी आधी सांगतलं होतं, ते लाल कार्डवाल्या लेकरायसाठी चुकीचं हाये. मले माहीत नव्हतं. आता शिकून आली. लाल कार्ड असन त दोन दिवस पाहाचं नाई. अंग तापलं का त्याच दिवशी दवाखाना. रात असो का बजार असो. माह्या सांगण्यानं कोणी थांबलं असन, त माफ करा.”

केवळरामने ते एकदाच ऐकले. मग कपाटाच्या मागून डाकेची जुनी थैली काढली.

पुढचे दहा दिवस ती थैली भरून येत होती आणि रिकामी होऊन जात होती. सकाळी तो सायकलने निघायचा. प्रत्येक फोनला दोऱ्याने नावाची चिठ्ठी बांधायचा, पाच-सहा फोन आणायचा, एकेकातले पुसायचा, माझ्याकडून नवे घ्यायला लावायचा आणि ज्याचा त्याला नेऊन द्यायचा. लाल कार्डवाली चार घरे त्याने पहिल्याच दिवशी केली. देताना प्रत्येक दारात एकच सांगायचा. बाईने वेळेवर सुधारले होते, ते माझ्यामुळे अडले. एका दारात कोणी म्हणाले, बाई गेली म्हणून तू आपल्या अंगावर घेतोस. तो म्हणाला, तसे असते तर बरे झाले असते.

उदाराम नावाचा म्हातारा फोन द्यायला तयार होईना. तो स्वतः काठी टेकत विहारात आला.

“काऊन पुसून राहिला रे केवळराम? आवाज चांगला हाये. माह्या घरी बोलणारं कोणी नाई. सकाळी चहा मांडला का मी बाईले लावतो.”

“नवा आवाज बी तिचाच हाये, दादा.”

“तो आजारी हाये. मी ऐकला शेजारच्या कवडूच्या फोनवर.”

“हाव. आजारीच हाये.”

उदारामने केवळरामकडे पाहिले. मग फोन टेबलावर ठेवला आणि तोंड खिडकीकडे केले. “पुस मंग. मले दाखवू नोको.”

जमुनेचा फोन मात्र आला नाही. प्राचीला बारा दिवसांनी घरी आणले. केवळराम दोनदा गेला, दोनदा रिकामी थैली घेऊन परतला. रचना सिस्टरने तो फोन जमुनेला परत केला होता. जमुना त्याला म्हणाली होती, तुमच्या बाईचं मले आता काहीच ऐकाचं नाई. जुनं बी नाई, नवं बी नाई. त्याने आग्रह केला नाही. येऊन स्टुलावर बसला. सगळ्या घरांपैकी जिथे सांगणे पोचायला हवे होते, तेच घर राहिले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः आली. प्राचीला कडेवर घेतले होते. सहा वर्षांची मुलगी, पण उचलायला सोपी झाली होती.

“डाकबाबू,” जमुना दारातूनच म्हणाली, “एकच सांगा. बाई आमच्याशी खोटं बोलली का?”

“नाई. आधी चुकली होती. मग तिनं नीट सांगतलं. ते तुह्यापर्यंत पोचू देल्लं नाई ते मी. एक ओळ लिवली, ती भलत्या जाग्यावर.”

“म्हणजे?”

“म्हणजे बाई बोलली, आन मी दार लावून ठेवलं.”

जमुना आत आली. त्याने आपल्या फोनवर फाईल लावली. ती उभ्यानेच ऐकत होती. माफ करा, हे शब्द आले तेव्हा तिने प्राचीला या कडेवरून त्या कडेवर घेतले.

“कधीचं हाये हे?”

“डिसेंबर.”

तिने बोटे मोजली. एक, दोन, तीन.   मी नुसता घरघरत होतो.

मग जमुनेने पोलक्यातून फोन काढून टेबलावर ठेवला. “टाका.”

तो पुसत होता तेवढ्या वेळात प्राची कडेवरून उतरली. टेबलाशी आली, मला खालीवर पाहिले आणि माझ्या झाकणावर तळहात ठेवला.

“माय,” ती म्हणाली, “याचं अंग तापलं.”

जमुनेनेही हात लावून पाहिला. “हाव व. चांगलं तापलं.” ती केवळरामकडे वळली. “दोन दिवस पाहू नका मंग, डाकबाबू. आजच न्या याले.”

केवळराम हसला. जानेवारीनंतर मी त्याला हसताना ऐकले नव्हते. हसू लगेच खोकल्यात गेले आणि त्याने पाठ फिरवून कपाट उघडले, उगाच.

त्याच दिवशी त्याने मला सायकलच्या कॅरियरवर बांधून नाक्यापर्यंत आणि तिथून बसने सडक अर्जुनीला नेले. पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने माझा पंखा उघडला, आतली धूळ फुंकली, तेल टाकले. तिथे म्हणे माझ्यासारखे आता कोणी आणत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत टेबलावर होतो. बाहेर तीन फोन थांबले होते.

आता फोन दरवेळी मला विचारतात. काम वाढले आहे. जंगलात पान उघडत नाही म्हणून बाया कुरकुरतात, आणि त्यांचे बरोबर आहे. संघदीप त्यावर काही वेगळे करणार आहे, अजून झाले नाही. त्रेचाळीसपैकी बेचाळीस फोन झाले. एक राहिला. ते घर तेलंगणात मिरची तोडायला गेले आहे, त्यांचा नंबर लागत नाही. त्यांच्याजवळ लाल कार्ड नाही, पण तिथे त्यांच्या झोपडीशेजारी कोणाजवळ असेल, आणि ते मदत म्हणून बाईचे बोलणे लावून देतील, हे केवळरामच्या मनातून जात नाही. त्याने ठेकेदाराच्या गावी निरोप धाडला आहे. त्यांच्या बंद दारावर खडूने लिहून ठेवले आहे, घरात जायच्या आधी विहारात या.

मित्रांनो, मला पुसत जा, उन्हात ठेवू नका, हे तर सगळेच जुने संगणक सांगतील. माझे मागणे वेगळे आहे. कोणी तुम्हाला काही सांगितले आणि ते तुम्ही जपून ठेवले, तर चांगले केले. पण सांगणारा माणूस जिवंत असेपर्यंत शिकत असतो. अधूनमधून त्याच्या दारात जाऊन विचारा, अजून तेच म्हणता का? मी इथेच आहे. थकलो असलो तरी तुम्ही विचारलेत तर सांगेन.